वाऱ्याचे नाव, तेलाचे काम

मराठी साहित्याच्या अभ्यासकाला ‘किर्लोस्कर’ हे नाव दोन वाटांनी भेटते. एक वाट संगीत नाटकाची, अण्णासाहेबांची आणि १८८० च्या ‘शाकुंतला’ची. दुसरी नियतकालिकांची: १९२० साली ‘किर्लोस्कर खबर’ ह्या नावाने निघालेल्या, आणि पुढे शं. वा. किर्लोस्करांच्या संपादनाखाली मराठी मध्यमवर्गाच्या घडणीत मोठा वाटा उचलणाऱ्या मासिकाची. शेतकऱ्याला मात्र हेच नाव तिसऱ्या वाटेने ठाऊक आहे. विहिरीच्या काठावर, पत्र्याच्या खोपटात ठोके देत चालणाऱ्या इंजिनाची ती वाट. यंत्राबरोबर शब्द येतात, आणि शब्द कधीकधी यंत्राबद्दल अर्धेच खरे सांगतात. म्हणून ह्या तिसऱ्या वाटेकडे साहित्याच्या वाचकानेही पाहावे, असे आम्हांला वाटते. प्रस्तुत लेखाचा विषय असेच एक अर्धे नाव आहे: ‘एअर-कूल्ड’, म्हणजे हवेने थंड होणारे, इंजिन. ह्या नावाने काय झाकले गेले, आणि जे झाकले गेले त्याची निगा माणसांनी कशी राखली, हे शोधताना आम्ही युरोप-अमेरिकेतील जुन्या मोटारींपर्यंत जाऊ आणि पुन्हा गोदावरीच्या काठी येऊ. आरंभ मात्र कोपरगावापासून करणे सोयीचे आहे.

कोपरगावचा पौराणिक महिमा शुक्राचार्यांचा. बेटावर त्यांचे मंदिर आहे, कचेश्वराचेही आहे. पेशवाईच्या इतिहासात ह्या गावाची नोंद रघुनाथरावांच्या अखेरीसाठी होते. १७८३ साली त्यांचा मृत्यू येथेच झाला. परंतु तालुक्याचे आजचे रूप घडवले ते विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात नांदूरमधमेश्वरहून आलेल्या गोदावरीच्या कालव्यांनी. कालव्यामागून ऊस आला आणि उसामागून साखर: साकरवाडीचा सोमय्यांचा कारखाना, पुढे कोळपेवाडीचा आणि ‘संजीवनी’ हे शुक्राचार्यांच्या विद्येचेच नाव धारण करणारा असे सहकारी कारखाने. म्हणजे पाणी हा ह्या मुलखाच्या समृद्धीचा पाया आणि पाणी हाच त्याच्या भांडणांचाही विषय. अशा ठिकाणी एखादे यंत्र पाणी मागते की मागत नाही, हा प्रश्न केवळ तांत्रिक राहत नाही.

विहिरीवरच्या इंजिनाने हा प्रश्न फार सुबकपणे सोडवला होता. किर्लोस्कर ऑईल इंजिन्स ही कंपनी १९४६ साली पुण्यात खडकी येथे उभी राहिली. तिची उभी, एक सिलिंडरची, संथ चालीची डिझेल इंजिने शेतोशेती पोचली तेव्हा त्यांतील पुष्कळशी पाण्याने थंड होणारी होती. इंजिन पंप चालवी, पंप विहिरीतून पाणी उपसे, आणि त्यातलीच एक बारीक धार सिलिंडरभोवतीच्या पोकळीतून फिरून, कोमट होऊन, पाटात पडे. जे यंत्र पाणी वर काढते त्यालाच ते पाणी थंड ठेवते. जागच्या जागी उभ्या असलेल्या इंजिनाला ह्याहून स्वस्त आणि निर्धोक व्यवस्था सुचणे कठीण.

पण इंजिनाला चाके लागली की विहीर मागे राहते. दौंड-मनमाड लोहमार्ग १८७८ साली सुरू झाला तेव्हापासून कोपरगाव स्थानक हे शिर्डीचे जवळचे स्थानक ठरले; साईबाबांच्या हयातीत भक्त येथे उतरून टांग्याने पुढे जात. टांग्याची जागा कालांतराने मोटारीने आणि तीनचाकीने घेतली. शिर्डीला स्वतःचे स्थानक मिळाले ते २००९ साली. तोवरची कित्येक वर्षे, एप्रिल-मेच्या उन्हात पारा चाळीस अंशांपलीकडे गेलेला असताना, माणसे आणि गाठोडी भरून ह्या रस्त्यावर ज्या गाड्या धावल्या त्यांतील अनेकांच्या इंजिनात पाण्याचा थेंब नव्हता. मग त्यांची उष्णता वाहून कोण नेत होते? नाव सांगते: हवा. यंत्र सांगते: हवा, पण एकटी नव्हे.

थोडे अंकगणित येथे अपरिहार्य आहे. एक लिटर पाणी एका अंशाने तापताना जेवढी उष्णता उचलते तेवढीच उचलायला सुमारे साडेतीन हजार लिटर हवा लागते. म्हणून हवेने थंड होणाऱ्या सिलिंडरला बाहेरून पातळ पातळ पंख असतात, मिस्त्री ज्यांना ‘फिन्स’ म्हणतात. पृष्ठभाग वाढवल्याशिवाय हवेला पुरेशी उष्णता उचलताच येत नाही. परंतु पंख सिलिंडरच्या बाहेरच्या अंगाला असतात. पिस्टनच्या पोटाला, क्रँकच्या बेअरिंगांना, व्हॉल्व्हच्या दांड्यांना बाहेरचा वारा कधीच लागत नाही. तेथे पोचते ते फक्त तेल. पाण्याच्या इंजिनात तेलाने घसरण राखावी आणि उष्णतेचा मुख्य भार पाण्याने वाहावा, अशी वाटणी असते. पाणी काढून टाकले की त्या भाराचा मोठा हिस्सा तेलावर येतो, आणि तेल तर पाण्याच्या निम्मीच उष्णता उचलू शकते. म्हणजे ‘एअर-कूल्ड’ म्हणवले जाणारे इंजिन वस्तुतः हवा आणि तेल ह्या दोहोंनी थंड होणारे इंजिन असते. नाव वाऱ्याचे, काम बरेचसे तेलाचे.

मराठी शब्दानेही येथे आपल्याला फारशी मदत केली नाही. ‘वंगण’ हा आपला जुना, अस्सल शब्द. बैलगाडीच्या आसाला वंगण द्यायचे ते चाक कुरकुरू नये आणि आस झिजू नये म्हणून. गाडीवानाच्या दृष्टीने वंगणाचा धर्म एकच, निसरडेपणा. इंजिन आले तेव्हा त्यातल्या तेलालाही आपण हाच शब्द दिला, आणि त्याच्याबरोबर हीच समजूत. उष्णता वाहून नेणारे द्रव्य म्हणून तेलाचा जो दुसरा धर्म, तो ‘वंगण’ ह्या शब्दात नाही आणि ‘एअर-कूल्ड’ ह्या शब्दातही नाही. दोन नावांच्या फटीत तेलाचे अर्धे काम अनामिक राहिले.

अनामिक राहिल्याने ते काम कमी झाले नाही. तेलाचा स्वभाव असा की तापमान वाढले की ते झपाट्याने पातळ होते. एसएई ३० ह्या साध्या प्रतीचे तेल चाळीस अंशांना सुमारे शंभर सेंटिस्टोक इतके दाट असते. शंभर अंशांना तेच नऊ ते साडेबाराच्या दरम्यान येते. त्यापुढे तापले की बेअरिंग आणि क्रँक ह्यांच्यामधला तेलाचा पडदा फाटण्याइतका झिरझिरीत होतो. धातू धातूला घासतो, त्या घासण्याने आणखी उष्णता निर्माण होते, तेल आणखी पातळ होते. ह्या दुष्टचक्राचा शेवट मिस्त्रीच्या भाषेत एका शब्दात सांगतात: इंजिन ‘सीज’ झाले. शिवाय दर दहा अंशांना तेलाचे हवेशी संयोग पावून खराब होणे ढोबळमानाने दुप्पट होते. म्हणून सतत तापणाऱ्या इंजिनातले तेल लवकर काळे आणि आंबूस होते.

ह्याच्या उलट टोकालाही धोका आहे, आणि तो सहसा ध्यानात घेतला जात नाही. इंजिनात जळणाऱ्या इंधनातून पाण्याची वाफ तयार होते. तिचा काही अंश पिस्टनच्या कडांनी तेलात उतरतो. तेल पुरेसे तापले तर ही वाफ निघून जाते. ते सत्तर अंशांच्या आतच घुटमळत राहिले तर पाणी आणि न जळलेले इंधन तेलातच मुरते आणि पांढुरका गाळ साचतो. म्हणून जुन्या हवाथंड इंजिनात तेलाचे तापमान ‘राखणे’ म्हणजे केवळ त्याला थंड ठेवणे नव्हे. साधारण ऐंशी ते एकशे दहा अंशांच्या पट्ट्यात त्याला आणणे, तेथे टिकवणे, आणि एकशे वीसच्या पुढे जाऊ लागले की सावध होणे, असा तो व्यवहार आहे.

हा व्यवहार मोटारींच्या इतिहासात कसा शिकला गेला, ते आता पाहू. अमेरिकेत सिराक्यूज येथील फ्रँकलिन कंपनीने १९०२ पासून १९३४ पर्यंत हवेने थंड होणाऱ्या मोटारी विकल्या. चेकोस्लोव्हाकियात हान्स लेडविंका ह्यांनी १९२३ मध्ये टाट्रा कंपनीसाठी हवाथंड इंजिनाची टाट्रा ११ ही मोटार सिद्ध केली. त्याच वर्षी अमेरिकेत शेव्हरोलेने तांब्याच्या पंखांचे इंजिन बाजारात आणले. तांबे उष्णता उत्तम वाहते, तेव्हा हवेला पुरेल इतकी मदत मिळेल, असा हिशेब होता. गाड्या तापल्या, तक्रारी आल्या, आणि काही महिन्यांतच त्या परत बोलावण्यात आल्या. वाऱ्यावर आणि धातूवर भिस्त ठेवून प्रश्न सुटत नाही, ह्याचा तो महागडा धडा होता.

टिकाऊ उत्तर आले ते जर्मनीतून. १९३४ साली फर्डिनांड पोर्शे ह्यांच्याकडे ‘लोकांच्या मोटारी’चे काम आले तेव्हा हवाथंड इंजिन ही त्यातली एक अट होती. कारण उन्हाचे नव्हते, थंडीचे होते. सामान्य जर्मन कुटुंबाकडे उबदार गॅरेज नसे. गाडी उघड्यावर राही आणि हिवाळ्याच्या रात्री रेडिएटरमधले पाणी गोठून इंजिन फुटण्याची भीती असे. जे यंत्र पुढे आफ्रिकेच्या वाळवंटात आणि ब्राझीलच्या उन्हात नावाजले गेले, त्याचा जन्म हिमाच्या भयातून झाला होता, ही गोष्ट इतिहासाच्या विद्यार्थ्याने ध्यानात ठेवण्याजोगी आहे. एका हवामानासाठी घेतलेला निर्णय दुसऱ्या हवामानात दुसऱ्याच कारणाने उपयोगी ठरतो, पण तेथे त्याच्या मर्यादाही निराळ्या ठिकाणी उघड्या पडतात.

फोक्सवॅगन बीटल ह्या नावाने जग ओळखते ती ही मोटार. तिच्या इंजिनात तेल अवघे अडीच लिटर. डायनामोच्या आसावर बसवलेला पंखा पत्र्याच्या कवचातून वारा ढकलतो, आणि त्या कवचातच तेलाची उभी जाळी, म्हणजे ऑईल कूलर, उभी असते. व्यवस्था मोठी हुशारीची आहे. सकाळी तेल थंड आणि दाट असते तेव्हा त्याचा दाब चढतो. त्या दाबाने एक झडप सरकते आणि तेल जाळीला वळसा घालून थेट बेअरिंगांकडे जाते. तेल तापून पातळ झाले की दाब उतरतो, झडप परत बसते आणि तेलाला जाळीतून जावेच लागते. तेलाचे तापमान मोजायला येथे वेगळे यंत्र नाही. तेलाचा दाटपणाच तापमापकाचे काम करतो. वाऱ्याच्या बाजूलाही एक भाता आहे: इंजिन गरम होईपर्यंत तो पंख्याच्या वाटेवरची दारे मिटून ठेवतो आणि मग उघडतो. पट्टा तुटला तर पंखा आणि डायनामो दोन्ही थांबतात, समोरचा लाल दिवा लागतो, आणि चालकाला थांबण्यावाचून गत्यंतर नसते.

तरीही ह्या रचनेत एक उणीव तीन दशकांहून अधिक काळ राहिली. तेलाची जाळी ज्या सिलिंडरच्या वाटेवर होती त्याच्यापर्यंत, म्हणजे तिसऱ्या क्रमांकाच्या सिलिंडरपर्यंत, वारा जाळीतून आधीच गरम होऊन पोचे. तेलाला थंड करण्याची किंमत तो एक सिलिंडर भरत होता, आणि त्याचे व्हॉल्व्ह इतरांच्या आधी जळत. १९७१ च्या नमुन्यापासून जाळी कवचाच्या बाहेर काढून तिला स्वतंत्र वाट देण्यात आली. चार सिलिंडरांत समान न्याय यायला इतका काळ लागला. आणखी एक गोष्ट नोंदवायला हवी. बीटलच्या सर्वसाधारण नमुन्यात चालकासमोर तेलाच्या दाबाचा दिवा असे, तेलाच्या तापमानाचा काटा नसे. ज्याच्यावर सारे अवलंबून त्याची खबर द्यायला साधन नाही. नावात जे नव्हते ते फलकावरही नव्हते. आज जुन्या बीटलचे हौशी मालक तापमापक जडवलेली तेलाची पट्टी किंवा वेगळा काटा बसवून घेतात, ती ही उणीव भरून काढण्यासाठीच.

पोर्शे घराण्याच्याच ९११ ह्या मोटारीने तेलाचे महत्त्व उघडपणे मान्य केले. १९६३ साली लोकांसमोर आलेल्या ह्या गाडीत तेल इंजिनाच्या तळाशी न ठेवता वेगळ्या टाकीत ठेवले गेले, तेही सुमारे दहा लिटर. बीटलच्या चौपट. १९६९ च्या ९११ एस ह्या नमुन्यात मागच्या इंजिनापासून पुढच्या चाकाजवळच्या दुसऱ्या जाळीपर्यंत तेलाच्या नळ्या नेण्यात आल्या. तेल सुमारे पंच्याऐंशी अंशांना पोचले की थर्मोस्टॅट ती वाट उघडतो. गाडीच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत तेल खेळवणाऱ्या ह्या यंत्राला ‘हवेने थंड होणारे’ म्हणणे हा भाषेचा हट्टच होय. हा हट्ट १९९८ पर्यंत चालला. त्यानंतरच्या ९११ मध्ये पाणी आले.

नावावरच्या श्रद्धेचे सर्वांत नाट्यमय उदाहरण जपानचे आहे. सोइचिरो होंडा ह्यांचे म्हणणे असे की पाण्याचे इंजिनसुद्धा शेवटी रेडिएटरमधून हवेनेच थंड होते, मग मधला दलाल हवा कशाला? तर्क बिनतोड वाटतो. त्या तर्कावर १९६८ मध्ये शर्यतीची हवाथंड गाडी तयार झाली. जॉन सर्टीज ह्या अनुभवी चालकाने ती तयार नसल्याचे सांगून चालवायला नकार दिला. फ्रान्सच्या शर्यतीत ती चालवताना जो श्लेसर ह्यांचा अपघातात अंत झाला. पाठोपाठ १९६९ मध्ये होंडा १३०० ही मोटार आली. तिच्या सिलिंडरांना दुहेरी हवामार्ग होते आणि तेलाला वेगळी टाकी. पाण्याचा दलाल टाळण्यासाठी इतके ॲल्युमिनियम आणि इतकी तेलाची व्यवस्था लागली की गाडी जड आणि महाग झाली. कंपनीतल्या तरुण अभियंत्यांनी पाण्याचा आग्रह धरला, संस्थापकाने अखेर तो मानला, आणि १९७२ ची सिव्हिक पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनाची निघाली. पुढच्याच वर्षी होंडा निवृत्त झाले. एका शब्दावरच्या निष्ठेने केवढी किंमत घेतली, हे ह्या प्रकरणात दिसते.

भारतात हवाथंड मोटारगाडी रुजली नाही. १९५३ च्या टॅरिफ कमिशनच्या अहवालानंतर परदेशी मोटारी केवळ जोडून विकणाऱ्या कंपन्यांना येथून जावे लागले आणि बाजारात उरलेल्या हिंदुस्थान, प्रीमियर, स्टँडर्ड ह्यांच्या मोटारी पाण्याने थंड होणाऱ्या होत्या. बीटल आल्या त्या मोजक्या. म्हणून ह्या परंपरेचा महाराष्ट्रातला धागा शोधायचा तर मोटारीकडून स्कूटर, तीनचाकी आणि ट्रॅक्टर ह्यांच्याकडे वळावे लागते. येथे नगर जिल्ह्याचे, म्हणजे आजच्या अहिल्यानगरचे, स्मरण आवश्यक आहे. कुंदनमल फिरोदिया हे नगरचे वकील, स्वातंत्र्यसैनिक आणि मुंबई विधानसभेचे अध्यक्ष; त्यांचे पुत्र नवलमल फिरोदिया ह्यांचे नाव भारतातल्या ऑटोरिक्षाच्या जन्माशी जोडले जाते. १९५८ साली जर्मन सहकार्याने निघालेल्या बजाज टेम्पोमुळे ‘टेम्पो’ हे एका कंपनीचे नाव मराठीत सामान्यनाम होऊन बसले.

बजाजच्या जुन्या स्कूटरी आणि रिक्षा हवाथंडच होत्या, परंतु त्यांची इंजिने टू-स्ट्रोक. त्यांत तेल पेट्रोलमध्येच मिसळायचे, आणि ते आपले काम करून निळसर धुरातून निघून जायचे. ज्या तेलाला परत यायचेच नाही त्याचे तापमान राखण्याचा प्रश्नही उद्भवत नाही. हा प्रश्न खऱ्या अर्थाने आला तो फोर-स्ट्रोक डिझेलबरोबर. ग्रीव्ज आणि इटलीची लोम्बार्डिनी ह्यांच्या सहयोगातून औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, एक सिलिंडरची हवाथंड डिझेल इंजिने तयार होऊ लागली आणि ती मालवाहू व प्रवासी तीनचाकींत बसली. १९७० च्या दशकात नाशिकला किर्लोस्कर ट्रॅक्टर्सने जर्मनीच्या डॉइट्झचे हवाथंड ट्रॅक्टर बनवले. कोपरगाव ह्या दोन शहरांच्या मधल्या प्रदेशात आहे. उसाच्या फडात आणि शिर्डीच्या रस्त्यावर दोन्ही प्रकारची इंजिने आली, ह्यात नवल नाही. तालुक्यापासून शंभरेक किलोमीटरवर नगरच्या रणगाडा संग्रहालयात १९६५ च्या युद्धात हस्तगत केलेले पॅटन रणगाडे उभे आहेत. त्यांच्या पोटातली बारा सिलिंडरची अवाढव्य इंजिनेही हवाथंड, आणि त्यांच्याही शेजारी तेलाच्या मोठमोठ्या जाळ्या. तीनचाकीपासून रणगाड्यापर्यंत नियम एकच.

आता कोपरगावच्या रस्त्यावर हा नियम कसा वागतो ते पाहू. भरलेली गाडी, समोरून तापलेला वारा, आणि चढ. चालकाची सहज प्रवृत्ती अशी की इंजिनाला ‘त्रास’ नको म्हणून वरच्या गिअरमध्ये, मंद गतीने ओढत न्यायचे. पाण्याच्या इंजिनात हे काही अंशी खपून जाते. हवाथंड इंजिनात पंखा आणि तेलाचा पंप दोघेही इंजिनाच्या फेऱ्यांवर चालतात. फेरे कमी म्हणजे वारा कमी आणि तेलही कमी. भार मात्र पूर्ण. म्हणून खालचा गिअर टाकून इंजिन मोकळेपणाने फिरू दिले तर आवाज वाढतो आणि तेलाचे तापमान उतरते. कानाला जो त्रास वाटतो तो यंत्राला विसावा असतो. तसेच दूरवर पळवून आणलेली गाडी थांबताक्षणी बंद न करता मिनिटभर चालू ठेवली तर पंखा साठलेली उष्णता बाहेर काढतो; अन्यथा ती आतल्या तेलात उतरते.

दुसरी गोष्ट ऊसपट्ट्याची. गळिताच्या हंगामात रस्त्यावर पाचट असते, हवेत चिपाडाची भुकटी आणि धुराड्याची राख, आणि त्यांच्या जोडीला काळ्या मातीची धूळ. इंजिनाच्या सांध्यातून थोडे तेल पाझरत असेल तर हे सारे पंखांमधल्या फटींत चिकटून बसते आणि त्याचा लेप वाळून घोंगडीसारखा होतो. पंख आहेत पण वाऱ्याला वाट नाही, अशी ही अवस्था. ज्या तेलाने उष्णता वाहून न्यायची, तेच बाहेर सांडले की उष्णतेला कोंडून ठेवते. पाझर बंद करणे आणि पंख खरवडून साफ ठेवणे हा म्हणून ह्या भागातला तेलाचे तापमान राखण्याचा सर्वांत स्वस्त उपाय ठरतो.

तिसरी गोष्ट उतावळ्या उपायांची. ट्रकच्या रेडिएटरवर बादलीभर पाणी ओतण्याची सवय हवाथंड इंजिनाला लावली तर तापलेले ओतीव लोखंड एकदम आक्रसून तडा जाण्याचा धोका असतो. येथे थांबणे हाच उपचार आहे. उन्हाळ्यात एसएई ३० ऐवजी ४० चे तेल घालणे हा जुन्या इंजिनांसाठी रास्त आणि प्रचलित उपाय; शंभर अंशांना ते साडेबारा सेंटिस्टोकच्या वर राहते. पण उष्णतेच्या भयाने थर्मोस्टॅटच काढून टाकला तर मार्गशीर्षातल्या गार सकाळी, घर ते बाजार एवढ्याच फेऱ्यांत तेल कधीच पुरते तापत नाही, आणि मग मघाशी सांगितलेला पांढुरका गाळ साचतो. उन्हाळ्याला शत्रू मानणारा मिस्त्री हिवाळ्याला विसरतो. बीटलच्या कर्त्यांनी हिवाळ्याला शत्रू मानले होते. तेल दोघांनाही सांगत होते की शत्रू एका ऋतूत राहत नाही.

हवाथंड मोटारीचा अस्त झाला तो उष्णतेने नव्हे. हवाथंड सिलिंडरचे तापमान भाराप्रमाणे फार खालीवर होते. म्हणून त्यात पिस्टनभोवती अधिक फट ठेवावी लागते, त्या फटीतून थोडे तेल जळते, आणि धूर नियमांत बसवणे कठीण जाते. ब्राझीलच्या फोक्सवॅगन कॉम्बीने २००५ च्या अखेरीस पाणी स्वीकारले. त्याआधी, ३० जुलै २००३ रोजी, मेक्सिकोतील पुएब्ला येथे शेवटची जुनी बीटल तयार झाली. एकूण आकडा २,१५,२९,४६४. भारतात १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ लागू झाले, तरी आपल्या रोजच्या वापरातल्या मोटारसायकलींची बहुसंख्य इंजिने आजही हवाथंडच आहेत. मात्र २००७ साली आलेल्या पल्सर २०० सारख्या थोड्या जोरकस गाड्यांना तेलाची जाळी लागलीच. नाव ‘ऑईल-कूल्ड’ असे बदलून घेण्याची चालही आता दुचाकींच्या जाहिरातींत दिसू लागली आहे. शंभर वर्षांनी का होईना, शब्द यंत्राच्या जवळ सरकतो आहे.

साहित्याच्या वाचकाने ह्यातून काय घ्यावे? रूपके काढण्याचा मोह आम्ही टाळतो. एवढेच म्हणतो की आपल्या भाषेत यंत्रांचा इतिहास लिहायचा असेल तर तो कारखाने, मालक आणि उद्घाटनांच्या तारखांनी पुरा होणार नाही. यंत्रातल्या कोणत्या घटकाला नाव मिळाले आणि कोणाला मिळाले नाही, ह्याचीही नोंद त्यात असावी लागेल. कारण ज्याला नाव मिळते त्याची निगा राहते: वारा दिसतो म्हणून पंख्याचा पट्टा तपासला जातो. तेल दिसत नाही. त्याची पट्टी ओढून, फडक्याला पुसून, पुन्हा घालून, बोटांत त्याचा दाटपणा चोळून पाहावा लागतो. गॅरेजमधल्या ज्या पोराला हे न सांगता करायची सवय लागली, त्याने ‘वंगण’ ह्या शब्दाचा अर्थ कोशापेक्षा थोडा पुढे नेला आहे. कोशांनी आता त्याच्यामागून जायला हरकत नाही.